फुकटचं वायफाय आणि अण्णांचा स्कोअर

शनिवार, २२ जून २०१९. कोल्हापूर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांची एक वारी जर्मनीला जाते. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गीफा नावाचं ओतकामाचं प्रदर्शन भरतं. भट्ट्या, मोल्डिंगची यंत्रं, रोबो, जे काही जगात नवं निघालंय ते तिथं बघायला मिळतं. यंदा २५ ते २९ जून. त्यातलं निम्मंही आमच्या छोट्या फाउंड्रीला परवडणारं नाही, तरी मी आणि अण्णा निघालो. अण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ आणि निम्मे भागीदार. वय ६१. प्रदर्शन झालं की पॅरिस आणि स्वित्झर्लंड उरकून यायचं, असा बेत.

भांडण झालं ते रोमिंगच्या पॅकवरून. आकडा ऐकून अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "धा दिसाच्या नेटला एवढं पैसं? युरोप हाय त्यो. तिकडं संडासात बी फुकट वायफाय असतंय." ई-सिम वगैरे तेव्हा आमच्या फोनात नव्हतं. मग ठरलं, पॅक नाही, फुकटचं शोधायचं.

मी गुपचूप तयारी केली. ज्या ज्या गावात जायचं त्यांचे नकाशे घरच्या वायफायवर फोनात उतरवून घेतले. हॉटेलं, तिकिटं, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, वर कागदावर प्रिंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझ्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग नुसतं चालू करून घेतलं, पॅक न मारता, आणि डेटा रोमिंग बंद ठेवलं. अशानं नेट चालत नाही, पण एसएमएस येतो, आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. अण्णांचा नंबर मागितला तर म्हणाले, "माझ्या नंबराला हात लावायचा न्हाई." ह्या वाक्याचा हिशेब पुढे लुसर्नला चुकता झाला.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. विश्वचषकात भारत–अफगाणिस्तान सामना रंगात आलेला. मिरज, सांगलीपर्यंत स्कोअर हलत होता, किर्लोस्करवाडीच्या पुढं रेंज गेली ती गेलीच. कराडला गाडी थांबली तेव्हा कळलं की शमीनं शेवटच्या षटकात हॅटट्रिक घेतली आणि आपण ११ धावांनी जिंकलो. अण्णा फुगून बसले. बघितलं नाही म्हणजे त्यांच्या हिशेबी झालंच नाही.

रविवार, २३ जून. दादर

आत्याकडं जेवण आणि झोप. स्टेशनवरचं रेलटेल ह्या रेल्वेच्याच कंपनीचं फुकट वायफाय वापरलं, पहिला अर्धा तास वेग चांगला. नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, झालं. तेव्हा हे मनात आलं नाही, पण आता वाटतं की इथं उतरणारा गोरा माणूस भारतीय नंबराशिवाय काय करत असेल? तेच, जे आम्ही पुढचे आठ दिवस केलं.

सोमवार, २४ जून. दुबई, मग डुइसबुर्ग

दुबईच्या विमानतळावर वायफाय फुकट, आणि वेग असा की अण्णांच्या फोनात दोन दिवसांच्या 'शुभ सकाळ'च्या फुलांची रास पडली. अण्णांनी माझ्याकडं 'बघ' अशा नजरेनं बघितलं आणि वहिनींना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावला. रिंग गेली, पण ना चेहरा ना आवाज. परत लावला. चौथ्या वेळी वहिनींचा मेसेज आला: 'फोन उचलला की बोलत का नाही? रुसला काय?'

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलायला परवाना मिळालेलीच अॅप चालतात. व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, फोटो जातात, कॉल मात्र बंद. वायफाय कितीही भारी असलं तरी. अण्णांना हे पटेना. "मग उचलतंय कशाला त्ये?"

दुपारी ड्युसेलडॉर्फ. प्रदर्शनाच्या दिवसांत तिथल्या खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात म्हणून आम्ही शेजारच्या डुइसबुर्गला उतरलो होतो, पोलादाचं जुनं गाव, ड्युसेलडॉर्फला थेट यू ७९ नंबरची ट्राम जाते. घरगुती लॉज. मालकीणबाईंनी किल्लीबरोबर एक चिठ्ठी दिली, त्यावर वायफायचा पासवर्ड: वीस आकडे. नुसते आकडे. मी टाकताना दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा अण्णा तिकिटाची सोडत काढल्यासारखे एक एक आकडा मोठ्यानं म्हणाले, तेव्हा लागला.

राउटर तळमजल्यावर, आमची खोली तिसऱ्यावर. रेंज दुसऱ्या जिन्याच्या वळणापर्यंतच. त्या आठवड्यात अख्ख्या युरोपात उष्णतेची लाट, पारा ३५ च्या पुढं, आणि त्यांच्या खोल्यांत पंखा नावाची वस्तू नाही. अण्णा बनियनवर जिन्यात बसून वहिनींशी बोलत होते. वर-खाली जाणारे पाहुणे त्यांना ओलांडून, 'हॅलो' म्हणून जात होते. अण्णाही प्रत्येकाला 'हॅलो' म्हणत होते आणि वहिनी दर वेळी विचारत होत्या, "आता कोण?"

मंगळवार, २५ जून. प्रदर्शन

हॉलमागून हॉल. पायाचे तुकडे पडले. वितळलेलं लोखंड ओतणारा रोबो अण्णा अर्धा तास बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आमचा म्हादू ह्यापेक्षा नीट ओततोय." मशीनचं कौतुक वेगळं लिहीन कधीतरी.

वायफायपुरती युक्ती एवढीच कळली: आपल्याकडच्या एखाद्या यंत्रवाल्याचा स्टॉल गाठायचा. पुण्या-कोइमतूरची माणसं असतात. 'कुठून?' 'कोल्हापूर.' की खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि मग आपण होऊन कोणीतरी स्टॉलच्या वायफायचा पासवर्ड सांगतो. मागावं लागत नाही.

तिथंच फोन जोडला आणि फाउंड्रीतून सुपरवायझरचे सात फोटो पडले. हाउसिंगच्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या सुट्या भागाला, ब्लो होल, वायूची भोकं. गिऱ्हाइकानं लॉट परत पाठवलाय. पोटात गोळा आला. आपल्यापेक्षा तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागं, म्हणजे शिरोलीत संध्याकाळ, दुसरी पाळी ओतायला उभी. फोटो मोठा करून बघितला, भोकं कोअरच्या, म्हणजे पोकळी राखायला साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्याच्या, बाजूलाच. मी विचारलं, पाऊस लागला का? लागला, चार-पाच दिवस झाले. कोअर रात्री कुठं ठेवता? उत्तर यायच्या आत स्टॉलवर खरी गिऱ्हाइकं आली आणि आम्हाला उठावं लागलं. दुसऱ्याच्या वायफायवर बसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही.

उत्तर रात्री जिन्यात मिळालं. कोअर शेडच्या उघड्या बाजूला. ओल धरली होती. गरम लोखंड लागलं की त्या ओलीची वाफ होऊन कास्टिंगमध्ये शिरते. 'उद्यापासून ओतायच्या आधी कोअर परत ओव्हनला घाला, आणि रॅक आत घ्या' एवढं टाइप केलं आणि तिथंच जिन्यात बसून राहिलो. हे सात फोटो परवा दिसले असते तर आणखी दोन लॉट गेले असते. रोमिंगचा पॅक किती स्वस्त होता ते तेव्हा अण्णांना बोलून दाखवलं नाही. तेही काही बोलले नाहीत.

बुधवार, २६ जून. डुइसबुर्ग

सकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "एक सिम घे जा." हा मोठा दिवस.

सुपरमार्केटात काउंटरशेजारी सिमचं पाकीट टांगलेलं, साधारण दहा युरो. घेतलं, घातलं, चालेना. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळख पटवल्याशिवाय सुरू करता येत नाही. ओळख पटवायची व्हिडिओ कॉलवर, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून. आणि व्हिडिओ कॉलला काय लागतं? नेट. नेटसाठी सिम, सिमसाठी नेट. अण्णा म्हणाले, "ह्येला म्हणत्यात कोंबडी आधी का अंडं."

जिन्यातल्या रेंजवर पासपोर्ट हलवून बघितला. पलीकडच्या बाईला चित्र फुटकं दिसत होतं, तिनं नम्रपणे फोन ठेवला. मग मी शहराच्या वाचनालयात गेलो. हे आधीच सुचायला हवं होतं. कोणत्याही परक्या गावात पहिल्यांदा वाचनालय शोधावं. थंड, स्वच्छ, बसायला खुर्ची, आणि काही विकत घ्यायची सक्ती नाही. काउंटरवरच्या बाईंनी काही न विचारता वायफायची चिठ्ठी दिली. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, तिथं लहानपणी वर्तमानपत्राच्या खोलीत असाच गारवा असायचा. पण वाचनालयात मोठ्यानं बोलता येत नाही, आणि पासपोर्टवरचं नाव तर मोठ्यानं उच्चारायचं होतं. दारातल्या पायरीवर उभं राहून ते केलं. पासपोर्टवरची चमक आडवी आली, 'पुन्हा प्रयत्न करा' आलं, आणि मी ते दहा युरो देवाला वाहिले.

परत येताना एका डोनर कबाबच्या दुकानाच्या काचेवर बारकासा स्टिकर दिसला: फ्रायफुंक. फोनात त्याच नावाचं वायफाय, कुलूप नसलेलं. दाबलं आणि जोडलं गेलं. नंबर नाही, ईमेल नाही, अटी मान्य करायचा चौकोन नाही. मी दचकलोच.

मालक तुर्की, मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, आणि नंतर मी वाचून घेतलं. जर्मनीत बरीच वर्षं कायदा असा होता की तुमच्या वायफायवरून दुसऱ्यानं चोरीचा सिनेमा उतरवला तरी तुम्हालाही त्यात ओढायचे. वकिलाची नोटीस घरी. म्हणून कॅफेवाले वायफाय द्यायला घाबरायचे. युरोपातल्या एवढ्या श्रीमंत देशात फुकट वायफाय इतकं कमी का, त्याचं हे एक कारण. २०१७ साली कायदा बदलला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून काही हौशी मंडळींनी तोड काढली होती. आपापल्या घरातला-दुकानातला जास्तीचा नेट एका साध्या राउटरवरून रस्त्यावर सोडायचा, राउटर एकमेकांना जोडायचे, आणि सगळी ये-जा संस्थेच्या सर्व्हरमधून फिरवायची, म्हणजे दुकानदाराच्या नावावर काही येत नाही. फ्रायफुंक म्हणजे मोकळी रेडिओलहर. रस्त्यावर पाणपोई घालतात तसं.

आपल्याकडं उलट. २००८ साली नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून बॉम्बस्फोटाचा मेल गेला आणि तेव्हापासून वायफाय उघडं ठेवणं म्हणजे पोलिसांना चहाला बोलावणं, असं प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. ती भीती खोटी नाही.

मी दुकानात बसून फलाफल खाल्लं. अण्णांनी फाउंड्रीत कॉल लावून कोअर ओव्हनमध्ये गेले का ते विचारलं, आणि मग लाइटबिल भरायला बँकेचं अॅप उघडलं. मी फोन हिसकावून घेतला. बँकेची अॅप स्वतःचं कुलूप लावूनच बोलतात, हे खरं, तरी रस्त्यावरच्या वायफायवर भट्टीचं लाखांचं बिल भरायची माझी छाती नाही. आणि अण्णांच्या नंबरावर ओटीपी येणारच नव्हता.

गुरुवार, २७ जून. कोलोन, मग पॅरिस

कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनातून बाहेर पडलं की अंगावरच येतं. १५७ मीटर उंच. १२४८ ला पाया घातला आणि १८८० ला पूर्ण झालं. अण्णा म्हणाले, "म्हंजे महानगरपालिकेचंच काम." समोरच्या चौकात शहराचं स्वतःचं वायफाय, हॉटस्पॉट डॉट कोएल्न अशा नावाचं, विनाझंझट. तिथून वहिनींना कॅथेड्रल दाखवलं. स्टेशनवर लघवीला मात्र एक युरो. अण्णांनी आपलं कोल्हापुरातलं वाक्य आठवलं असणार, कारण माझ्याकडं न बघता त्यांनी नाणं टाकलं.

दुपारच्या थॅलिस ह्या वेगवान गाडीनं पॅरिस, साडेतीन तासांच्या आत. गाडीत वायफाय सगळ्यांना फुकट, फक्त जोडणीचं पान उघडेना. ह्यावर एक उपाय आहे आणि तो पाठ करून ठेवावा. हल्ली सगळ्या साइट कुलूपबंद असतात, त्यामुळे वायफायचा दरवान आपल्याला मध्येच अडवून स्वतःचं पान दाखवू शकत नाही. मग ब्राउझरमध्ये बिनकुलपाची साइट टाकायची, नेव्हर एसएसएल डॉट कॉम. ती ह्याच कामासाठी बनवलीय. टाकली, दरवानाचं पान आलं, 'मान्य' दाबलं.

भारत–वेस्ट इंडिज, मँचेस्टर. आपले २६८. सामना दिसत नव्हताच. आपल्याकडचं सामन्यांचं अॅप देशाबाहेर चालत नाही, हक्कांची भानगड. पण स्कोअर हलत होता. बेल्जियमच्या शेतांतून गाडी जात होती आणि अण्णा विकेट पडली की मांडीवर थाप मारत होते, समोरची म्हातारी दचकत होती. वेस्ट इंडिज १४३ वर सगळे बाद. अण्णांनी म्हातारीला खिशातलं लिमलेट दिलं.

शुक्रवार, २८ जून. पॅरिस

उकाडा. दक्षिण फ्रान्समध्ये त्या दिवशी ४६ अंशांचा उच्चांक झाला, शाळेच्या परीक्षा पुढं ढकललेल्या. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायची लाज वाटते, पण आम्ही उन्हानं गळालो.

आणि ह्याच पॅरिसात आमचा मामा झाला. फोन उघडला तर जिथं जाईल तिथं वायफायचं नाव इंग्रजीत 'फ्री वायफाय'. अण्णा हरखले. जोडलं तर नाव आणि पासवर्ड मागतंय. दुसऱ्या गल्लीत तेच, तिसऱ्या गल्लीत तेच. दीड तास उन्हात फिरल्यावर हॉटेलवाल्या पोरानं हसत हसत सांगितलं की 'फ्री' हे तिथल्या एका टेलिफोन कंपनीचं नाव आहे, आणि ते वायफाय फक्त तिच्या गिऱ्हाइकांना. फुकटला फ्रेंचमध्ये 'ग्रातुई' म्हणतात. तो शब्द शोधा. (ते जाळं आता बंद झालंय, त्यामुळे तुमची चप्पल वाचेल.)

ग्रातुई सापडत गेलं. स्टेशनवर होतं. पालिकेच्या बागांमध्ये, वाचनालयांत पॅरिस वाय-फाय नावाचं होतं, एका वेळी दोन तास. उकाड्यामुळे त्या रात्री काही बागा उघड्या ठेवलेल्या. लोक गवतावर सतरंज्या टाकून पडलेले. आम्हीही पडलो. अकरा वाजता वायफाय बंद झालं आणि अण्णा पहिल्यांदाच आयफेल टॉवर कुठल्या दिशेला आहे असं विचारू लागले.

त्याआधी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानपट्टीसारख्या दुकानातून मी एक सिम घेतलं होतं. तिथंच चालू झालं. दुकानदार म्हणाला, "सगळ्या युरोपात चालतं." १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखंच चालतं, हे मला माहीत होतं. मी खूश.

शनिवार, २९ जून. लुसर्नच्या वाटेवर

बासेलला गाडी स्वित्झर्लंडमध्ये शिरली आणि सिम मेलं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तो दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याचा 'युरोप' आणि आमचा 'युरोप' वेगळा होता. आपल्याकडचे बरेच लोक पॅरिस–स्वित्झर्लंड असाच प्रवास करतात, म्हणून मुद्दाम लिहितोय: पाकिटावर स्वित्झर्लंडचं नाव असल्याशिवाय सिम घेऊ नका. ई-सिमलाही तेच लागू.

रविवार, ३० जून. लुसर्न

भारत–इंग्लंड. डोंगर, तळं, लाकडी पूल, सगळं बघितलं म्हणायचं. अण्णांचं चित्त बर्मिंगहॅमला.

लुसर्न स्टेशनवर स्विस रेल्वेचं वायफाय फुकट, पण एक तास. नंबर टाकायचा, एसएमएसवर कोड येतो. माझ्या नंबरावर आला. अण्णांच्या नंबरावर येईना, येणारच नव्हता. म्हणजे दोघांत मिळून एकच तास. तो कधी सुरू करायचा? इंग्लंडनं ३३७ केल्याचं एका पंजाबी प्रवाशाकडून कळलं होतं. अण्णा म्हणाले, "आत्ता नगं. शेवटाला." आम्ही फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो, हातात बंद फोन, समोर घड्याळ. बायकोनं सांगितलेले सगळे फोटो काढायचे राहिले.

सात वाजता कोड टाकला. रोहितचं शतक होऊन गेलेलं. धोनी आणि केदार जाधव खेळत होते, आणि धावा एक-एकनं येत होत्या. अण्णा फोनला ओरडत होते, "मार की रं! कशाला राखून ठेवलायस?" आपण ३०६ वर थांबलो, ३१ धावांनी हरलो. तासातली वीसेक मिनिटं शिल्लक होती.

"ह्येच्यापरीस न कळलेलं बरं हुतं," अण्णा म्हणाले. मग हळूच फोन माझ्यापुढं सरकवला. "आता घाल त्यो कोड काय ते... माझ्या बी नंबराला."

सोमवार, १ जुलै ते बुधवार, ३ जुलै. घरी

झुरिकहून दुबई. दुबईत कळलं की मुंबईत धो धो पाऊस आणि मुख्य धावपट्टी बंद. चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर. विमानं लटकलेली. आम्ही सहा-सात तास बसलो. पण ह्या वेळी अण्णा शहाणे झाले होते. कॉल लावायच्या भानगडीत न पडता त्यांनी आवाजाचा मेसेज पाठवला, वहिनींनी उलट पाठवला, असं दोघांचं तीन तास टपालासारखं चाललं होतं. मला वाटतं, संसारात ते एवढं शांतपणे पहिल्यांदाच बोलत होते.

मुंबईहून गाड्या बंद, पुण्यामार्गे एसटीनं बुधवारी पहाटे कोल्हापूर. तसाच फाउंड्रीत गेलो. कोअरचे रॅक आत आलेले, नवा लॉट स्वच्छ.

बिहार-ओडिशाची पोरं दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडं उन्हात उभी राहून घरी फोन लावत असतात, कारण शेडमध्ये रेंज नाही. ऑफिसात वायफाय आहे, पासवर्ड फक्त आमच्याकडं. हे मी बारा वर्षं बघत होतो. अण्णांनी त्याच आठवड्यात राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी काढायला लावली. पूर्ण उघडी नाही, पासवर्ड ठेवलाय, कोण वापरतो ते वहीत. हिट नंबर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेचा आकडा, लिहायच्या फळ्यावर खडूनं पासवर्डही लिहिलाय, वीस आकडी नाही, चार अक्षरी. जोडणीचं नाव अण्णांनी 'ग्रातुई' ठेवलं. पोरं त्याला 'गरतोई' म्हणतात.